साबरमतीचे वासरू आणि वेदनेचा नैतिक हक्क

पांथस्थ (मूळ मांडणी): १९२८ साली साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. पशुवैद्याने आशा सोडल्यावर गांधीजींनी आश्रमवासीयांशी विचारविनिमय करून त्याला विषाचे इंजेक्शन देवविले आणि आपल्या ‘नवजीवन’ साप्ताहिकात या कृतीचे जाहीर समर्थन केले, तेव्हा अहिंसेच्या उपासकाने गोवंशाची हत्या केली म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. माझ्या मते ते बरोबर होते. वेदना सोसणारा कोण आहे, हा प्रश्न नंतरचा. ती आहे आणि सोसणाऱ्याला असह्य आहे, एवढ्यानेच पाहणाऱ्यावर कर्तव्य येते. प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का, यापेक्षा त्यांना यातना होतात का हे विचारावे, असे इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ मध्येच सांगितले होते.

सव्यसाची: वेदना नाहीशी करणे आणि वेदना भोगणाराच नाहीसा करणे, यांतील अंतर आपण पुसून टाकले आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९४५ मध्ये सुख वाढवण्याऐवजी दुःख कमी करण्याला अग्रक्रम दिला, त्यावर तत्त्वज्ञ आर. एन. स्मार्ट यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले की हेच एकमेव ध्येय मानले, तर साऱ्या मानवजातीचा वेदनारहित संहार करणारा राज्यकर्ताही नीतिमान ठरेल. वेदना संपवण्याला जगण्याहून श्रेष्ठ मानणारा प्रत्येक विचार तिकडेच घसरतो. शिवाय असह्य काय होते, वासराचे दुखणे की ते बघत राहणे?

मुक्ता: स्मार्ट यांचा आक्षेप केवळ एकाच मूल्यावर उभ्या असलेल्या नीतीला लागू पडतो, आणि गांधीजींची नीती तशी नव्हती. क्रोधाने किंवा स्वार्थाने दिलेली इजा ती हिंसा, असे मानणाऱ्याच्या दृष्टीने वेदना हे कृतीचे कारण असले, तरी कर्त्याचा हेतू हीच तिची कसोटी राहते. म्हणून पांथस्थांनी बेंथमला आणि गांधीजींना एका पंक्तीत बसवले, तेही मला मान्य नाही.

सव्यसाची: हेतूची शुद्धता कर्त्यानेच ठरवायची असेल, तर मुक्या जनावराच्या वाट्याला फक्त आपला विश्वास येतो. वासराला संमती देता येत नव्हती. अशा वेळी शुश्रूषा करीत राहावे आणि मरण त्याच्या वेळेने येऊ द्यावे, एवढा संयम मी अहिंसेकडून अपेक्षितो.

पांथस्थ: मुक्ता यांची दुरुस्ती मी अंशतः स्वीकारतो, हेतूने कर्ता निर्दोष ठरेल, पण कृती करायचीच कशासाठी, याचे उत्तर वेदनेखेरीज कुठेच मिळत नाही. सव्यसाची यांचा आक्षेप मात्र मला पटत नाही. माणसाच्या बाबतीतही तत्त्व तेच राहील, असे गांधीजींनी म्हटले होते. परंतु तेथे सेवेने आणि उपचाराने दुखणे हलके करण्याचे मार्ग बहुधा शिल्लक असतात, हेही त्यांनी सांगितले. त्या वासरासाठी तसा मार्ग उरला नव्हता, आणि संमती देऊ न शकणाऱ्याच्या यातना लांबू देण्यालाही त्याची संमती नसतेच.

सव्यसाची: नसते, हे खरे. परंतु लांबू देण्याची चूक उमगली तर दुसऱ्या दिवशी निर्णय बदलता येतो. इंजेक्शन दिल्यावर तो बदलता येत नाही.