‘फुटेज’ : अर्थ, मोजमाप आणि ‘फुटेज खाणं’

प्रश्न : ‘सीसीटीव्ही फुटेज’ आणि ‘फुटेज खाणं’ यांतलं फुटेज एकच का? आणि यात ‘फूट’ कुठून आला?

उत्तर : एकच. फूट म्हणजे बारा इंचांचाच. शब्द सिनेमाच्या आधीचा आहे. खाणीत किती फूट खोदलं त्यावर मजुरी देत, त्या हिशेबालाही इंग्रजीत फुटेजच म्हणत. फिल्मच्या संदर्भात तो १९१६च्या सुमारास दिसतो. कच्ची फिल्म फुटांवर विकली जाई, म्हणून किती चित्रण झालं हेही फुटांतच सांगत. पुढे लांबीचा शब्द चित्रणालाच चिकटला. सीसीटीव्हीत फिल्मच नाही, तरी शब्द टिकलाय.

हिशेब : नेहमीच्या ३५ मिमी रुंद फिल्मवर एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे दीड फूट, मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. शंभर मिनिटांच्या चित्रपटाला ९,००० फूट. दहास एक या प्रमाणात, म्हणजे अंतिम चित्रपटातल्या एका फुटासाठी दहा फूट चित्रण केलं तर ९०,००० फूट निगेटिव्ह लागणार.

गफलत होते ती जुन्या नोंदी वाचताना. नुसतं ‘९०० फूट’ लिहिलं असेल तर त्यावरून वेळ काढू नये. ३५ मिमी असेल तर १० मिनिटं. १६ मिमी असेल तर २५, कारण तिथे फुटात ४० चौकटी बसतात. मूकपट सेकंदाला १६ चौकटींनी दाखवला, तर तेच ३५ मिमीचे ९०० फूट १५ मिनिटं चालतील. आधी फिल्मची रुंदी आणि वेग बघायचा, मग भागाकार.

‘खाणं’ आपलं : गाडी पेट्रोल खाते, तसा नट फुटेज खातो, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचंही. ‘भाव खाणं’ वेगळं. भाव खाणारा आढेवेढे घेतो, बोलावलं तरी येत नाही. फुटेज खाणारा न बोलावता मधे येऊन उभा राहतो. बातम्यांत दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, ते खटकतं. ‘त्याला फार फुटेज देऊ नका’ हा प्रयोग मात्र चपखल आहे.

लेखन : ‘फूट’ दीर्घ, ‘फुटेज’ ऱ्हस्व, ‘फुटाचा’मध्ये होतो तसाच. नपुंसकलिंगी, एकवचनी : ते फुटेज मिळालं. ‘दोन फुटेजेस’ नको, ‘दोन कॅमेऱ्यांचं फुटेज’ म्हणावं.

मराठी प्रतिशब्द? : बहुतेक ठिकाणी ‘चित्रण’ पुरतं. ‘चित्रफीत’ म्हणजे ज्यावर चित्रण साठवलंय ती वस्तू, त्यामुळे हार्ड डिस्कवरच्या फाइलला चित्रफीत म्हणणं ओढूनताणून वाटतं. पण ‘चित्रण खातो’ कुणी म्हणणार नाही, तिथे फुटेजच.