मदत हवी आहे: 'आयटिनररी' मागितली, नेमकं काय लिहून द्यायचं?

कपाशीवाला
उद्या दुपारपर्यंत द्यायची आहे म्हणून घाईत विचारून राहिलो. ट्रॅव्हल्सवाल्याचा मेसेज आला, 'आधी आयटिनररी पाठवा, मग भाव सांगतो.' प्रवासाचा कार्यक्रम, एवढं मलेही समजते. पण लिहायचं काय? अन् देवाला जाणाऱ्या गावच्या मंडळींना वाचून दाखवायला बरा मराठी शब्द सांगा.

निवृत्त_गुरुजी
कुठे चालले? निघणार कोणत्या गावाहून?

सातनंबरी
मूळ सांगतो. लॅटिनमध्ये 'इतेर' म्हणजे वाट, प्रवास. त्यावरून 'इतिनेरारिउम'. रोमन साम्राज्यातल्या रस्त्यांची अंतोनिनच्या नावानं ओळखली जाणारी यादी आजही आहे. त्यात फक्त ठाण्यांची नावं अन् मधलं अंतर. देखाव्याची तारीफ नाही. तुम्हीही तेवढंच लिहा.

कपाशीवाला
रोमला नाही चाललो भाऊ.

निवृत्त_गुरुजी
मग कुठे, ते तर सांगा!

वर्धेची_ताई
रेल्वेनं जा न. बसनं म्हाताऱ्या माणसांची कंबर राहत नाही.

बाबूसाहेब
शब्द आहे न, 'फिरती कार्यक्रम'. पंचायत समितीत दर महिन्याला लिहिला आहे: तारीख, कुठून कुठे, कशानं, मुक्काम. मंत्री आले की त्याचाच 'दौरा कार्यक्रम' होतो, अन् मध्येच येते 'विश्रामगृह येथे आगमन व राखीव'.

सातनंबरी
देवाला जाणाऱ्याची कसली फिरती? ती ड्यूटी झाली. 'मजल' घ्या. अरबी 'मंझिल', म्हणजे उतरायची जागा. मजल दरमजल म्हणतोच आपण. मुक्कामही अरबीच, 'कायम' त्याच धातूतला.

बाबूसाहेब
मराठी शब्द मागितला त्यानं, तुम्ही दोन अरबी दिले.

सातनंबरी
पत्त्यावर मु. पो. लिहिता तेव्हा कुठे आठवते अरबस्तान?

वर्धेची_ताई
मुक्कामावरून आठवलं. आमच्या गावी मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टरचा डबा पाळीनं एकेका घरून जायचा. आमची पाळी असली की आई झुणक्यात तेल जास्त टाके.

कपाशीवाला
काशी, प्रयागराज, अयोध्या. गाव पांढरकवड्याजवळ. आता सांगा.

निवृत्त_गुरुजी
हे आधी सांगायचं न बाप्पा! जुना सात नंबर हायवे वाराणसीहून निघून तुमच्या पांढरकवड्यावरूनच कन्याकुमारीला जायचा. असं लिहा:
दिवस १: पहाटे गावाहून, नागपूर, सिवनी, मुक्काम जबलपूर.
दिवस २: मैहरला दर्शन, रीवा, मुक्काम प्रयागराज. रीव्याच्या पुढे मनगवांला रस्ता फुटतो, जुना सात नंबर मिर्झापूरकडे जातो. तिकडे नका वळू.
दिवस ३: सकाळी संगमावर स्नान, मुक्काम काशी.
दिवस ४: काशीतच.
दिवस ५: अयोध्या, मुक्काम तिथेच. मग परतीचे दिवस.
मुक्काम धर्मशाळेत की लॉजवर, जेवण त्याच्याकडे की आपला आचारी सोबत, हे प्रत्येक दिवसापुढे लिहाच. भावाचा सगळा घोळ तिथेच होतो. अन् माणसं किती, ते अजून सांगितलंच नाही तुम्ही.

बाबूसाहेब
हाच तर फिरती कार्यक्रम झाला.

कपाशीवाला
आचारी आपला. वर 'काशीयात्रा: मुक्कामवार कार्यक्रम' लिहून पाठवलं. आता तो विचारते, एसी का नॉन एसी?

वर्धेची_ताई
मी म्हणते रेल्वेनं जा.