ठोकीव तांब्याचं १४ फुटी शिशुमार चक्र, पुण्याच्या तांबट आळीत होईल का?

अंगणवाला_आर्किटेक्ट
बावधनला एका बंगल्याच्या अंगणात मोठं शिल्प करायचंय, भागवतातलं शिशुमार चक्र, म्हणजे वेटोळं घातलेला जलचर, त्याच्या अंगावर सगळी नक्षत्रं, डोकं खाली आणि शेपटीच्या टोकाला ध्रुव. उंची १४ फूट. क्लायंटला ओतीव नकोय, हातोडीचे ठोके दिसले पाहिजेत म्हणे. कसब्यातल्या तांबट आळीतले भांडीवाले एवढं काम घेतील का, आणि एवढं तांबं स्वतःच्याच वजनानं बसणार नाही का?

पेठेतला_पंत
ओतीवच करा की राव. दिल्लीत भारत मंडपमला २७ फुटी नटराज आहे, स्वामीमलैच्या लोकांनी मेणाच्या साच्यातून ओतलाय, १८ टन. वादळ आलं तरी हलायचा नाही.

मठारकाम_प्रेमी
पंत, १८ टन बंगल्याच्या अंगणात? खाली पार्किंग असलं तर बघायलाच नको.
ठोकीव कामात पत्रा म्हणजे नुसतं कातडं, वजन आतला सांगाडा घेतो. लिबर्टीच्या पुतळ्याचं तांबं जेमतेम २.४ मिमी आहे, आत आयफेलचा लोखंडी सांगाडा. पण तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकलं की लोखंड गंजून फुगतं, तिथे तेच झालं आणि १९८० च्या दशकात आतल्या पट्ट्या बदलून स्टेनलेसच्या घालाव्या लागल्या. तुम्ही पहिल्यापासूनच स्टेनलेस घ्या, मध्ये टेफ्लॉनची पट्टी.

आता कारागिराचं. ठोकत गेलं की तांबं कडक होतं, तडा जायच्या आत लाल तापवून मऊ करायचं, परत ठोकायचं, असं कितीदा तरी. म्हणून तुकडा भट्टीत मावेल एवढाच धरा. वेटोळ्याचे गोल भाग तांबटाला जमतील, घागर-हंड्याचाच हात तो. डोळे, जबडा, तारे मात्र राळेवर पत्रा ठेवून मागून उठवायचे असतात, त्याला वेगळा माणूस लागतो. आणि ड्रॉइंग पूर्ण करून मग कोटेशन मागायला जाऊ नका, मातीचं मॉडेल करतानाच त्यांना बोलवा, जोड कुठे घ्यायचा ते तेच सांगतील. वेल्ड केलं की तिथली मठार (म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची खूण) जाते, परत ठोकावी लागते.

अंगणवाला_आर्किटेक्ट
भारी माहिती, थँक्स! चकाकी टिकेल का पण?

मठारकाम_प्रेमी
उघड्यावर? विसरा. लवकरच तपकिरी पडेल, हिरवं व्हायला मात्र बरीच वर्षं. रोज चिंच लावायला माणूस ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी 😄 आणि डोकं खाली आहे ना, मग जबड्यात पाणी साठणार, तिथे भोकं ठेवा.