बालहक्क की बाल अधिकार?

शाळेत २० नोव्हेंबरच्या जागतिक बाल दिनासाठी फलक करायचाय. मी 'बालहक्क जाहीरनामा, १९८९' लिहिलं. सहकारी शिक्षकांनी 'हक्क' खोडून 'अधिकार' केलं, तोच म्हणे प्रमाण शब्द. राष्ट्रीय आयोगाच्या नावात 'बाल अधिकार' आहे, महाराष्ट्राच्या आयोगाच्या नावात 'बाल हक्क'. खरं कुठलं?

— सर, 'बाल अधिकार' हिंदीतून आलाय. हिंदीत चालतोय, पण मराठीत 'अधिकार' म्हटलं की खुर्ची दिसते: अधिकारी, अधिकारपद, अधिकारवाणी. 'हक्क' अरबीतला, पण आपल्यात पार मुरलेला. हक्काचं घर, हक्काचा माणूस, हक्कानं मागणं. म्हणजे समोर कुणीतरी देणं लागतं. शिरोळकडं ऊसतोडीला कोयता, म्हणजे मजूर जोडपं येतं, त्यासंगं पोरंही येतात. त्या पोराला शाळेचा अधिकार कसला? शाळा हा त्याचा हक्क, देणं सरकारचं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारातही तेच आहे, हक्क मुलांचे आणि बंधन राष्ट्रांवर.

दुसरं, १९८९ चा 'जाहीरनामा' नव्हे, करार. जाहीरनामे दोन, १९२४ चा जिनिव्हाचा आणि १९५९ चा संयुक्त राष्ट्रांचा. ते पाळायची कायदेशीर सक्ती नव्हती. करार २ सप्टेंबर १९९० ला लागू झाला, भारत ११ डिसेंबर १९९२ ला त्यात सामील झाला. १९५९ आणि १९८९, दोन्हींची तारीख २० नोव्हेंबरच, म्हणून हा घोळ.

— आणि 'बालक'? करारात १८ वर्षांखालचे सगळे. आमच्या तालमीत सतरा वर्षांचं पोरगं आहे, शंभर किलोचं. त्याला 'बालका' म्हणून हाक मारून बघा की! शिक्षणहक्क कायद्यात बालक ६ ते १४ वर्षांचं, बालकामगार कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ ते १८ वेगळे काढलेत. फलकावर सरळ 'मुलं' लिहा.

— 'सक्ती'वरून आठवलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. म्हणजे सक्ती बापावर. 'सक्तीचं शिक्षण' म्हटलं की पोरांना उगाच आपल्यावरच वाटतं.

— फलक बदलला, 'बालहक्क करार, १९८९'. लिहिणारी नववीतली मुलगी विचारते, जोडून की तोडून?

— जोडून, समास आहे. 'बाल अधिकार' जोडला तर 'बालाधिकार' होईल. तसं कुणी म्हणतंय का?