पट्टेवाल्याचा मुलगा कुत्री फिरवतो, घरी कसं सांगू?

कळवा_कॉमर्स

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. वय २७, बी.कॉम., राहणार कळवा. राज्यसेवेची पूर्व दोनदा गेली, तिसऱ्यांदा निघाली तर मुख्यला आपटलो. घरच्यांच्या माहितीप्रमाणे मी ठाण्यात अभ्यासिकेत बसतो आणि जोडीला एका क्लासमध्ये शिकवतो. खरं म्हणजे गेले चौदा महिने मी घोडबंदर रोडला पातलीपाड्याच्या टॉवरांमधली कुत्री फिरवतोय.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. हे काम माझ्या मित्राचं. तो बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस गावी गेला, म्हणाला तेवढे दिवस सांभाळ. गावीच त्याला नोकरी लागली आणि कुत्री माझ्याकडे राहिली.

आता सव्वापाचला बाईक काढतो. कळवा पूल, कोर्टनाका, माजिवडा, पुढे मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने पातलीपाडा. सकाळी पाच, त्यातलीच तीन परत संध्याकाळी. एका फेरीचे महिन्याला साडेतीन हजार आणि दुसऱ्या फेरीचे दोन, म्हणजे साडेतेवीस हजार. पेट्रोल माझं.

अभ्यासिकेत आठ तास बसायचो, त्यातले तीन मोबाईलमध्ये जायचे. इथे पहिल्याच आठवड्यात मोबाईल बघत होतो, तेवढ्यात ब्रूनोने (लॅब्रेडॉर, ३६ किलो, मन शाळकरी पोराचं) कचऱ्यातलं चिकनचं हाड उचललं. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतडं फाडू शकतं, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. तोंडात हात घालून काढलं. तेव्हापासून फेरी संपेपर्यंत फोन खिशात.

मग हळूहळू दिसायला लागलं. कोण कुठल्या खांबाशी थांबतं, कोणाची शी कधी पातळ होते. एक दिवस ब्रूनो त्याच्या ठरलेल्या गुलमोहराशी थांबलाच नाही, सरळ पुढे गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. ओठ उचलून बघितला तर हिरड्या पांढुरक्या. मॅडमना म्हटलं, ह्याला आजच दाखवा. टिक फीवर (गोचिडांमुळे होणारा ताप) निघाला, प्लेटलेट्स बऱ्याच उतरल्या होत्या. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. सामान्य अध्ययनाचे एवढे गठ्ठे वाचले, पण आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आणि एक सांगायचंय. अनंत चतुर्दशीला ढोल सुरू झाले आणि कोको (बीगल) हार्नेसमधून मागे सरकत निसटली. हार्नेस ढिला होता, तो तपासणं माझं काम होतं. मी आधी फोन लावला: "मॅडम, कोको सुटली. माझ्या हातून." मग शोधायला धावलो. चार तासांनी वाघबीळच्या अलीकडे एका टायरवाल्याच्या दुकानात गाडीखाली सापडली. मॅडम मला बोलल्या, भरपूर बोलल्या, पण दुसऱ्या दिवशी पट्टा माझ्याच हातात दिला. मुख्यचा निकाल लागला होता तेव्हा घरी आठ दिवस सांगत होतो की अजून लागला नाही. तोच मी.

आता अडचण. माझे बाबा सरकारी ऑफिसात ३१ वर्षं शिपाई होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. स्वतःला ते अजूनही पट्टेवाला म्हणतात. त्यांच्या वेळेपर्यंत खांद्यावरचा पट्टा गेला होता, नाव राहिलं होतं. साहेबाच्या केबिनबाहेर स्टूल, बेल वाजली की उठायचं. त्यांची इच्छा एकच, पोराने बेल वाजवावी आणि दुसऱ्याने उठावं. त्यांना काय सांगू? की बाबा, मीही पट्टेवालाच झालो, फक्त पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा आहे?

दोन-तीन टॉवरांत आम्हाला सर्व्हिस लिफ्टनेच जावं लागतं. कुत्रा मालकासोबत असला की मोठ्या लिफ्टने, माझ्यासोबत असला की कचऱ्याच्या डब्यांबरोबर. मला चालतं. बाबांनी बघितलं तर त्यांना चालणार नाही.

ह्या कामाला पुढे काही आहे का? कोर्स वगैरे करावा का? आणि घरी कसं सांगावं?

हिशेबी_ठाणेकर

साडेतेवीसमधून पेट्रोल आणि बाईकचा खर्च वजा कर, वीसच्या आत येशील. पाय मुरगळला तर त्या महिन्यात किती? पीएफ नाही, मेडिकल नाही. कुत्र्यांवर प्रेम असणं चांगलं, पण चाळिशीत काय करशील? राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

मानपाड्याची_ताई

हिशेबी काका बरोबर बोलतायत, पण अर्धंच. मी बारा वर्षं ह्या धंद्यात आहे. आधी ग्रूमिंग, आता ट्रेनिंग आणि बोर्डिंग (मालक बाहेरगावी गेले की कुत्री सांभाळणं). त्याआधी एका कॉल सेंटरला रात्रपाळी करायचे. माणसांच्या शिव्या ऐकायचा पगार होता तो.

कोर्सचं म्हणशील तर ट्रेनर व्हायला आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे उद्यापासून कोणीही पाटी लावतं आणि तितक्याच सहज सर्टिफिकेटही विकतं. पैसे भरायच्या आधी त्या माणसाला काम करताना एक दिवस बघ. कुत्र्याची मान दाबून "मी अल्फा, म्हणजे टोळीचा म्होरक्या, तू खाली" असं करणारा दिसला की चप्पल घालून निघ. ही कल्पना बंदिस्त जागेत कोंडलेल्या लांडग्यांकडे बघून आली होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या लिखाणातून ती फार पसरली आणि त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातली टोळी म्हणजे साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि पोरं. आपल्याकडे मात्र अजून घोडबंदरच्या गार्डनमध्ये अल्फा फिरतायत, बहुतेक मालकच.

शिकायचं असेल तर आधी अंग वाचायला शिक. शेपूट हलते म्हणजे खूश, हे अर्धसत्य. झोप आलेली नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याच्या कडेने बघणं, हे सगळं "मला नको" म्हणणं असतं. ते कळलं नाही म्हणजे मग चावा. लोक म्हणतात अचानक चावला. अचानक काही नसतं रे, तो दहा मिनिटं सांगत असतो. गुलमोहर चुकला हे तुला कळलं ना? तेच. ते सर्टिफिकेटवाल्यांना शिकवता येत नाही.

बाकी पटापट. एका वेळी दोनपेक्षा जास्त कुत्री नाहीत, कोणी कितीही पैसे देवो. एप्रिल-मेमध्ये हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेव, तुला सोसवलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही. नाक चपटं असलेल्या पगला उन्हात पळवू नकोस, त्यांना धापा टाकून अंग गार करता येत नाही नीट. मोठ्या कुत्र्याला पोटभर खाल्ल्याखाल्ल्या पळवायचं नाही. आणि तुमच्या पातलीपाड्याला मागे येऊरचा डोंगर आहे. अंधार पडल्यावर भिंतीपलीकडच्या वाटेला छोटं कुत्रं घेऊन फिरकू नकोस. बिबट्याला बीगल आणि ससा सारखेच.

चाळिशीचं म्हणाल तर मीही आज फिरवत नाही, गुडघे गेले. पण बोर्डिंगला येणारी कुत्री माझ्या फिरवण्याच्या दिवसांतल्या ओळखींतूनच येतात. आता बाबांचं. समजावत बसू नकोस. एक रविवार घेऊन जा त्यांना.

नेरुळचा_कंपाउंडर

भाऊ, मी प्राण्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं आहे. तू ओठ उचलून हिरड्या बघितल्यास, शाबास. पण हाडासाठी तोंडात हात घातलास ते वाचून मी कपाळाला हात लावला. रेबीजची आधीच घ्यायची लस घेतलीस का? ० दिवस, ७ वा आणि २१ वा किंवा २८ वा, असे तीन डोस. घेतलेले असले की पुढे चावा झाला तर ० आणि ३ ऱ्या दिवशी असे दोनच लागतात, जखमेत सीरम भरावं लागत नाही. कुत्रा घरचा आहे, लस झालेली आहे, असं ऐकून सोडून देऊ नकोस. दात लागला की आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. मग दवाखाना.

पावसाळा तोंडावर आहे. साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). कुत्र्यालाही होतो, तुलाही होतो, आणि तू चपला घालून फिरत असशील अशी माझी खात्री आहे. गमबूट घे.

अजून एक. बी.कॉम.वर कोणी "डिप्लोमा करून प्राण्यांचा डॉक्टर व्हा" म्हणालं तर पैसे देऊ नकोस. डॉक्टर व्हायला बारावी सायन्स बायोलॉजी, नीटची परीक्षा आणि मग साडेपाच वर्षांची पदवी. आमच्याकडे असे फसलेले दोघे येऊन रडून गेलेत.

जिन्याने_जातो

वेगळं मत लिहितो. मला कुत्री आवडत नाहीत. लहानपणी चावलं होतं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली आहेत. तेव्हापासून लिफ्टमध्ये कुत्रा असला की मी जिन्याने जातो. अकरावा मजला. धाग्यात सगळे कुत्र्याचं बोलतायत, शी कोण उचलतं त्यावर एक शब्द नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा यायचा कुत्रं फिरवायला. मला बघितलं की कुत्र्याला भिंतीकडे घेऊन खाली बसवायचा आणि म्हणायचा, काका तुम्ही जा, आम्ही नंतर येतो. मालकांनी एकदाही असं केलं नाही. तो मुलगा हल्ली येत नाही. मी परत जिन्यावर. तू तसं करत असशील तर बापाला सांगायला लाजायचं कारण नाही.

कळवा_कॉमर्स

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, तीन आठवडे झाले.

@जिन्याने_जातो काका, पिशवी कायम खिशात असते, मागच्या वेळी लिहायचं राहिलं. लिफ्टचं मी तसं करत नव्हतो, आता करतो.

@कंपाउंडर दादा, दोन डोस झाले, तिसरा पुढच्या आठवड्यात. गमबूट घेतले. चपलांचं कसं ओळखलंत?

घरी सांगितलं. समजावत बसलो नाही. जेवताना म्हटलं, क्लास नाहीये, कुत्री फिरवतो, चौदा महिने झाले, अभ्यासिकाही सोडली. आई उठून ओट्याशी गेली. बाबा जेवत राहिले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पीएफ कापतात?" हिशेबी काका, तुम्ही आणि बाबा भेटायला हवं.

रविवारी घेऊन गेलो. गेटवर वॉचमन मला रोज रजिस्टरमध्ये सही करायला लावतो. बाबांनी त्याला गाव विचारलं, ड्यूटी किती तासांची ते विचारलं, आणि दोन मिनिटांत दोघं बिडीपर्यंत पोचले. सर्व्हिस लिफ्टमध्ये काही बोलले नाहीत. डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. वर ब्रूनोच्या मॅडमनी दार उघडलं, बाबांना आत बोलावलं, खुर्ची दिली. ते उभेच राहिले. ३१ वर्षांची सवय. मॅडम त्यांना टिक फीवरचं सांगायला लागल्या, तोपर्यंत ब्रूनो येऊन त्यांच्या पायावर बसला. छत्तीस किलो. मग बसावंच लागलं.

खाली आल्यावर पट्टा त्यांच्या हातात दिला. ब्रूनो पुढे, बाबा दोन पावलं मागे, मान किंचित वाकवून, साहेबाची फाईल घेऊन चालल्यासारखे. मी म्हटलं, बाबा, बरोबरीने चाला, नाहीतर तो ओढतो. "तुझा साहेब फार घाईत असतो," म्हणाले.

पटलंय असं नाही. काल परत विचारत होते की पुढची जाहिरात कधी येते. मी ह्या वेळी फॉर्म भरणार नाही हे अजून सांगितलेलं नाही. ते पुढच्या रविवारी. आणि शेजारी विचारलं तर सध्या मी "प्राण्यांच्या लाइनमध्ये" आहे.

ताई, तुमच्याकडे शनिवार-रविवारी दुपारी शिकायला येऊ का? पैसे नकोत. आणि कोकोच्या मॅडम विचारतायत, पावसाळ्यासाठी कुत्र्याला रेनकोट घ्यावा का?

मानपाड्याची_ताई

शनिवारी दोनला ये, जेवून ये. पहिले चार आठवडे फक्त पिंजरे धुवायचे आणि बघायचं. बीगलचे कान लोंबते, पावसात ओले राहिले की आत सडतात. घरी सोडताना कान आतून कोरडे पूस आणि पंजाच्या बोटांमधलं पाणीही पूस. रेनकोट तू घाल.