इतिवृत्तातील ठरावांचे क्रमांक आपोआप बदलावेत का?

सचिव, मुलुंड
नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभांचे इतिवृत्त मी वर्डमध्ये टंकित करतो. ओळीच्या आरंभी आकडा, टिंब आणि स्पेस दिली की न मागता क्रमांकित यादी तयार होते. तेवढे चालवून घेता येईल; पण मधला एखादा परिच्छेद काढला की पुढचे सगळे क्रमांक एकेकाने मागे सरकतात आणि उपनिबंधक कार्यालयाला पाठवलेल्या पत्रात ज्या ठराव क्र. ७ चा हवाला आहे, तो फाइलमध्ये ६ होऊन बसतो. हे थांबवायचे कसे? आणि मुळात वर्डसारख्या वर्ड प्रोसेसरने (मजकूर टंकित करण्याच्या सॉफ्टवेअरने) हे परस्पर करावे का?

मुद्रितशोधक, परळ
फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असे जाऊन ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’मधील ‘ऑटोमॅटिक नंबर्ड लिस्ट्स’समोरची खूण काढावी. एखाद्याच ठिकाणी यादी नको असेल, तर ती होताक्षणी कंट्रोल-झेड दाबावे. मजकूर तसाच राहतो. मात्र आधी झालेल्या याद्या यामुळे बदलत नाहीत. त्यासाठी मंजूर इतिवृत्त कॉपी करून ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने नव्या फाइलमध्ये पेस्ट करावे, म्हणजे क्रमांक साध्या अक्षरांसारखे स्थिर होतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. विषयपत्रिकेचा मसुदा चालू असताना क्रमांक म्हणजे केवळ जागा असते, तेव्हा तो सरकलाच पाहिजे. परंतु ठराव मंजूर झाला की तोच क्रमांक त्याची कायमची ओळख ठरतो, आणि हा फरक लिहिणाऱ्याखेरीज कोणालाच कळत नसल्यामुळे प्रोसेसरने यादी सुचवावी, लादू नये. क्रमांक कुलूपबंद करण्याची सोयही एका क्लिकवर हवी.

वकिलांकडील टंकलेखक, फोर्ट
सूचना पटते, पण स्वयंचलित क्रमांकन सरसकट बंद करू नये. लांबलचक याचिकेत ऐन वेळी नवा परिच्छेद घालावा लागतो, तेव्हा हाताने क्रमांक बदलत बसणे अशक्य असते. ‘परिच्छेद १४ पाहा’ असे उल्लेख क्रॉस-रेफरन्सने, म्हणजे त्या परिच्छेदाच्या क्रमांकाशी जोडलेला उल्लेख घालण्याच्या वर्डमधील सोयीने घातले, तर कंट्रोल-ए आणि एफ-नाइन दाबल्यावर तेही सुधारतात. माझी खरी तक्रार वेगळी आहे: वर्डमध्ये १, २, ३ मिळतात, पण आपल्या नेहमीच्या अ, ब, क, ड क्रमाची तयार यादी नाही, म्हणून प्रत्येक उपकलम अजूनही हातानेच लिहावे लागते.