मदत हवी आहे : मान बसवताना पट्टी ब्रिजच्या माथ्याखाली अडते, टाच तासावी की ब्रिज पातळ करावा?

सहातारा (धागाकर्ता)

घरच्या कार्यशाळेत बांधत असलेल्या माझ्या गिटारची बॉडी बंद झाली आहे, बाइंडिंग (कडेची शोभेची पट्टी) लावून झाले आहे आणि मान बोल्टने तात्पुरती कसून पाहिली आहे. फ्रेटबोर्डवर (मानेवरच्या, तारा दाबण्याच्या फळीवर) लांब स्टीलची पट्टी ठेवून ती ब्रिजपर्यंत (बॉडीवरच्या, तारा अडकवण्याच्या लाकडी ठोकळ्यापर्यंत) नेली, तर ती ब्रिजच्या माथ्यावरून जाण्याऐवजी माथ्यापासून ४ मि.मी. खाली ब्रिजच्या कडेला अडते. मानेची खाच कापली तेव्हा हाच कोन तपासला होता आणि तेव्हा तो आराखड्याप्रमाणे बरोबर आला होता. हा फरक असाच ठेवला, तर तारा इतक्या उंच राहतील की बाराव्या फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे वाजवणेच अशक्य होईल.

टाचेच्या (मानेचा बॉडीला टेकणारा जाड भाग) खालच्या टोकाकडून लाकूड काढून मान मागे झुकवावी, की ब्रिज रंध्याने पातळ करावा? मला हा जोड लवकरात लवकर पक्का करून पुढच्या कामाला लागायचे आहे. टाचेतून किती लाकूड काढायचे, त्याचा नेमका आकडा कोणी सांगू शकेल का?

मंद्रसप्तक

गिटार स्टीलच्या तारांची आहे की नायलॉनच्या? मान बाराव्या फ्रेटला बॉडीस मिळते की चौदाव्या? स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, किती आहे? एवढे कळल्याशिवाय कोणताही आकडा देणे योग्य होणार नाही. नायलॉनच्या गिटारमध्ये मान बहुधा मागे झुकवत नाहीत, उलट किंचित पुढेच ठेवतात. त्यामुळे उत्तर पूर्णपणे उलटे असू शकते.

शिसवप्रेमी

ब्रिज पातळ करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. ब्रिज अजून चिकटवलेला नसेल, तर सपाट काचेवर सॅंडपेपर लावून त्याची खालची बाजू घासावी, म्हणजे एका बैठकीत काम संपते. मी स्वतः तसे केले आहे आणि ती गिटार आजही उत्तम वाजते. टाचेला हात लावणे म्हणजे मानेची मध्यरेषा बिघडवण्याचा धोका पत्करणे होय.

सहातारा

स्टीलच्याच तारा आहेत, ट्रस रॉड (मानेच्या आतली, कसता येणारी सळई) आहे म्हटल्यावर ते उघड आहे असे मला वाटले. स्केल ६४५ मि.मी. आहे आणि मान चौदाव्या फ्रेटला मिळते. ब्रिज चिकटवलेला नाही, नुसता जागेवर ठेवला आहे. आता आकडा सांगावा.

मंद्रसप्तक

ट्रस रॉडचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कोठेही नव्हता, म्हणून विचारावे लागले. आता हिशेब मांडता येतो. ६४५ मि.मी. स्केलवर चौदावा फ्रेट नटपासून (मानेच्या डोक्याकडची, तारा टेकण्याची पट्टी) सुमारे ३५८ मि.मी. अंतरावर येतो, म्हणजे तेथून सॅडलपर्यंत (ब्रिजमधली, तारा टेकण्याची पट्टी) २८७ मि.मी. उरतात. टाचेची उंची ९० मि.मी. धरली, तर ब्रिजपाशी पट्टी जितकी वर उचलायची असेल, त्याला ९० ने गुणून २८७ ने भागावे. ४ मि.मी. साठी उत्तर सव्वा मिलिमीटर येते. हे लाकूड टाचेच्या तळाशी काढायचे आणि वर फ्रेटबोर्डकडे जाताना शून्यावर आणायचे. मात्र हा केवळ भूमितीचा हिशेब आहे. ४ मि.मी. हे माप कसे घेतले, ते कळल्याशिवाय पटाशी हातात घेऊ नये.

शिसवप्रेमी यांच्या सूचनेबद्दल : स्टीलच्या गिटारचा ब्रिज साधारणपणे ८.५ ते ९.५ मि.मी. जाड असतो. त्यातून ४ मि.मी. काढले, तर सॅडलच्या खाचेखाली लाकूडच उरणार नाही. शिवाय टॉपपासून (बॉडीच्या वरच्या फळीपासून) तारांची उंची ब्रिजपाशी साधारण १२ ते १३ मि.मी. हवी असते. ती कमी झाली की सॅडलवरचा दाब आणि टॉपला मिळणारा हेलकावा दोन्ही घटतात, आणि आवाज बसका होतो.

शिसवप्रेमी

मी पूर्ण ४ मि.मी. काढा असे म्हटलेले नाही. दोन उपायांची विभागणी करता येते : एक मिलिमीटर ब्रिजमधून आणि उरलेले टाचेतून. अनुभवाने सांगतो, एक मिलिमीटरने आवाजात फरक पडत नाही.

तारकसबी

कोणी ट्रस रॉडकडे का पाहत नाही? रॉड कसला की मान मागे वाकते आणि तारा खाली येतात. टाच तासण्याची गरजच उरणार नाही.

रंधा_आणि_पटाशी

ट्रस रॉड नटपासून बॉडीच्या जोडापर्यंतची वक्रता बदलतो. बॉडी आणि मान यांच्यामधला कोन तो बदलू शकत नाही. तारा उंच आहेत म्हणून रॉड कसत राहिले, तर मान उलट्या बाजूस वाकते आणि पहिल्या काही फ्रेटवर तार खरखरते. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून स्पष्ट लिहीत आहे.

तरीही तारकसबी यांच्या सूचनेत एक उपयोगी भाग आहे. मोजताना मान पूर्ण सरळ होती का? फ्रेटबोर्ड मध्यभागी थोडा जरी खोलगट असेल, तर पट्टी नटच्या टोकावर आणि शेवटच्या फ्रेटपाशी अशी दोनच ठिकाणी टेकते. नटचे टोक वर उचललेले असल्यामुळे पट्टीचे दुसरे टोक खाली रोखले जाते आणि ब्रिजपाशी कोन आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. धागाकर्त्याने आधी रॉडने फ्रेटबोर्ड सरळ करावा आणि मगच पुन्हा मोजावे. त्याबरोबर हेही सांगावे, की फ्रेट ठोकलेले आहेत का?

सुरावट

फ्रेटचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. घरी बांधणारे बरेच जण अजून १८ च्या नियमाने खाचा काढतात, म्हणजे उरलेल्या लांबीला दर वेळी १८ ने भागतात. तंतुवाद्यांसाठी हे प्रमाण व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये मांडले होते. त्या नियमाने बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येत नाही, ६४५ मि.मी. स्केलवर तो सुमारे २.३ मि.मी. नटकडे सरकतो. भाजक १७.८१७ घ्यावा, आणि प्रत्येक खाच आधीच्या खाचेपासून न मोजता नटपासूनच मोजावी, म्हणजे बारीक चुका साठत जात नाहीत.

सहातारा

खाचांबद्दल मी काहीही विचारलेले नाही. त्या बरोबर आहेत. फ्रेट अजून ठोकलेले नाहीत, ते मान बसवल्यावर ठोकायचे आहेत. पट्टी कोऱ्या फ्रेटबोर्डवर ठेवली होती. मध्यभागी ०.३ मि.मी. खोलगटपणा होता. तो रॉडने काढल्यावर ब्रिजपाशी साडेतीन मिलिमीटरचा फरक उरतो. म्हणजे हिशेबाने टाचेतून १.१ मि.मी. काढायचे, बरोबर ना? तसे असेल तर आज काम सुरू करतो.

रंधा_आणि_पटाशी

कृपया थांबावे. ब्रिजचा माथा ज्या रेषेशी जुळवायचा, ती फ्रेटच्या माथ्यांची रेषा असते, फ्रेटबोर्डची नव्हे. मध्यम उंचीची फ्रेटची तार साधारण १.१ मि.मी. वर राहते, तेवढी संपूर्ण रेषा उचलली जाईल. म्हणजे खरा फरक साडेतीन नसून २.४ मि.मी. आहे. शक्य असेल तर फ्रेट आधीच ठोकावेत. खाचांत फ्रेटचे पाय घुसले की फ्रेटबोर्डचे लाकूड पसरते आणि मान किंचित मागे वाकते. हा बदल मान चिकटवण्यापूर्वी दिसलेला बरा.

ओलसुक

सगळे जण मानेकडे पाहत आहेत, परंतु ब्रिज ज्या टॉपवर ठेवला आहे तो टॉप तेव्हा होता तेथेच आहे का? धागाकर्ता पहिल्याच परिच्छेदात सांगतो, की खाच कापताना कोन बरोबर होता. मान आपोआप एवढी बदलत नाही. माझे तीन प्रश्न आहेत. ब्रेसिंग (टॉपला आतून धरणाऱ्या लाकडी पट्ट्या) चिकटवली तेव्हा खोलीतली आर्द्रता किती होती? आज किती आहे? टॉप सपाट आहे की डोमचा (मध्यभागी किंचित फुगीर), आणि डोमचा असेल तर किती त्रिज्येचा?

लाखपॉलिश

अजून पॉलिश केलेले नसेल, तर माझा आग्रह आहे की नायट्रोच्या (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) वाटेला जाऊ नये. मलमलच्या बोळ्याने लाखेचे पातळ थर द्यावेत. टॉपवरचा थर जितका पातळ, तितका आवाज मोकळा राहतो.

सहातारा

पॉलिशला अजून पुष्कळ अवकाश आहे. टॉप स्प्रूसचा आहे, २८ फूट त्रिज्येच्या डिशमध्ये (खोलगट साच्यात) ब्रेसिंग चिकटवली. तेव्हा आर्द्रता ४५ टक्के होती, कारण त्याशिवाय ब्रेसिंग चिकटवू नये हे मला ठाऊक आहे. आज आर्द्रतामापक ७५ टक्के दाखवतो. बॉडी बंद झाल्यावर आर्द्रतेने काय फरक पडणार?

ओलसुक

फरक पडतो, आणि तुमच्या अडचणीचा मोठा भाग तोच असावा असे मला वाटते. ४५ टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण साडेआठ टक्के ओल असते; ७५ टक्क्यांवर ती सुमारे १४ टक्क्यांपर्यंत चढते. स्प्रूसची फळी रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. ४०० मि.मी. रुंदीचा टॉप मोकळा असता, तर एवढ्या ओलीने तो सुमारे ३ मि.मी. रुंद झाला असता. परंतु त्याच्या कडा बाजूंना चिकटलेल्या आहेत आणि आतून ब्रेसिंगने धरले आहे, म्हणून त्याला एकच वाट उरते : मध्यभागी वर उठणे. टॉपबरोबर ब्रिजही वर जातो आणि पट्टी त्याच्या कडेला अडते. अंगावर पॉलिश नसलेले कोरे लाकूड ही ओल अधिक वेगाने घेते.

तपासणी सोपी आहे. ब्रिज बाजूला काढून त्याच जागेवर टॉपच्या आडवी पट्टी ठेवावी, मध्यावर तोलावी आणि दोन्ही कडांना किती फट दिसते ते मोजावे. २८ फूट त्रिज्येला ४०० मि.मी. रुंदीवर ही फट सुमारे २.३ मि.मी. असायला हवी.

सहातारा

रुंदी त्या जागी ४०० मि.मी. आहे. दोन्ही कडांना ४ मि.मी. फट दिसते.

ओलसुक

म्हणजे टॉप मूळ आकारापेक्षा सुमारे १.७ मि.मी. वर उठलेला आहे. फ्रेट धरून उरलेल्या २.४ मि.मी. मधून हे वजा केले, तर मानेच्या कोनाचा खरा दोष केवळ ०.७ मि.मी. उरतो. आज तुम्ही टाचेतून १.१ मि.मी. काढले असते, तर हवा कोरडी झाल्यावर टॉप खाली बसला असता आणि मान गरजेपेक्षा जास्त मागे झुकलेली राहिली असती. मग सॅडल अवाजवी उंच करावा लागला असता. काढलेले लाकूड परत लावणे ही काढण्यापेक्षा कितीतरी कठीण गोष्ट आहे. आधी बॉडी पुन्हा ४५ टक्क्यांवर आणावी, मगच टाचेला हात लावावा.

शिसवप्रेमी

याच्याशी मी सहमत नाही. गिटार ज्या हवेत राहणार आणि वाजणार, त्याच हवेत तिचा कोन ठरवायला हवा. वर्षातला बराच काळ हवा दमट असेल, तर ४५ टक्क्यांवर जुळवलेली गिटार त्या सर्व काळात उंच तारांचीच राहील. मधला आकडा, समजा ६० टक्के, धरून काम करावे.

ओलसुक

राहण्याच्या हवेचा विचार करावा हे मला मान्य आहे, पण धोका दोन्ही बाजूंना सारखा नसतो. दमट हवेत तारा उंच होतात, आणि त्यासाठी थोड्या कमी उंचीचा दुसरा सॅडल बनवून ठेवता येतो. याउलट, ज्या ओलीत बॉडी बांधली तिच्यापेक्षा हवा बरीच कोरडी झाली, तर टॉप आकसतो, कडा त्याला सोडत नाहीत आणि तो रेषेवर तडकतो. म्हणून बांधणी ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान करतात. ही बॉडी ४५ टक्क्यांवर बांधलेली आहे, तेव्हा तिची भूमितीही त्याच आर्द्रतेत तपासणे सुसंगत ठरेल.

तारकसबी

एका मोठ्या खोक्यात विजेचा बल्ब लावून बॉडी आत ठेवावी, एका रात्रीत कोरडी होते.

रंधा_आणि_पटाशी

असे करू नये. बल्बची उष्णता एका बाजूनेच लागते, टॉप बाहेरून आधी सुकतो आणि जोडांवर ताण येतो. उन्हात ठेवणे किंवा केस वाळवण्याचे यंत्र वापरणे हेदेखील त्याच कारणाने टाळावे. बंद कपाटात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून बॉडी, मान आणि ब्रिज तिन्ही एकत्र ठेवावेत. मापक ४० च्या खाली जाऊ लागला, तर जेल कमी करावे. रोज त्याच जागी कडांची फट मोजून लिहून ठेवावी. ती सलग काही दिवस बदलली नाही, की लाकूड स्थिरावले असे समजावे. घाई केवळ येथेच महाग पडते, बाकी काम झपाट्याने होण्यासारखे आहे.

सहातारा

सिलिका जेल आणतो आणि दरम्यान फ्रेट ठोकून घेतो. पण त्यानंतर टाचेतून किती काढायचे, ते अजून कोणी स्पष्ट सांगितलेले नाही. ०.७ मि.मी. साठीच हिशेब करायचा का?

मंद्रसप्तक

त्यात थोडी भर घालावी. हलक्या जाडीच्या, म्हणजे ०.०१२ ते ०.०५३ इंचांच्या सहा तारा मिळून सुमारे ७३ किलो ओढ देतात. त्या ओढीने मान किंचित पुढे येते आणि ब्रिजमागचा टॉप थोडा फुगतो. म्हणून पट्टी फ्रेटवरून ब्रिजच्या माथ्याला नुसती घासून न जाता अर्धा मिलिमीटर वरून गेलेली बरी. ०.७ आणि ०.५ मिळून १.२ मि.मी. होतात, त्याला ९० ने गुणून २८७ ने भागले, की टाचेच्या तळाशी ०.४ मि.मी. इतकेच लाकूड काढायचे आहे. तुमच्या टाचेची उंची ९० पेक्षा वेगळी असेल, तर ती संख्या घालून पुन्हा गुणाकार करावा, आणि आर्द्रता खाली आल्यावर सर्व मापे नव्याने घ्यावीत.

रंधा_आणि_पटाशी

एवढ्या थोड्या लाकडासाठी पटाशी वापरू नये. बोल्ट सैल ठेवून टाच आणि बॉडी यांच्यामध्ये सॅंडपेपरची पट्टी, खरखरीत बाजू टाचेकडे करून, सरकवावी. मान हाताने दाबून धरावी आणि कागद खालून सरळ ओढून काढावा. टाचेच्या वरच्या टोकाला कागद पोहोचू देऊ नये. दोन्ही बाजूंना ओढींची संख्या सारखी ठेवावी, नाहीतर शिसवप्रेमी यांनी म्हटल्याप्रमाणे मध्यरेषा हलेल. दर काही ओढींनंतर बोल्ट कसून, नटच्या मध्यापासून ब्रिजच्या मध्यापर्यंत दोरा ताणून पाहावा.

सहातारा

टाचेची उंची मोजली, ९० मि.मी. च आहे. मान मागे झुकल्यावर फ्रेटबोर्डचा जो भाग टॉपवर येतो, त्याचे काय होईल? तो टॉपपासून उचलला जाईल असे दिसते.

रंधा_आणि_पटाशी

उचलला जाईल. त्या भागाची लांबीही तुमच्या टाचेच्या उंचीएवढीच, म्हणजे ९० मि.मी. च्या आसपास असते. म्हणून त्याच्या टोकाशी फटही ०.४ मि.मी. च्या जवळपासच येईल. ती क्लॅम्पने दाबून बंद करू नये, कारण तसे केल्यास चौदाव्या फ्रेटपाशी फ्रेटबोर्ड वाकतो आणि पुढचे फ्रेट खाली जातात. फ्रेटबोर्डच्याच लाकडाची, जोडाकडे शून्य आणि टोकाकडे ०.४ मि.मी. अशी पाचर सॅंडपेपरवर घासून बनवावी आणि फटीत बसवून चिकटवावी. पाचर बनवण्याआधी बोल्ट शेवटचे कसलेले असावेत आणि मापक ४५ वर असावा.